चौदा जणांची एक छाती

धनाजी चौगले हा धनाजी चौगले नाही, असं सरकारी दवाखान्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं, तेव्हा धनाजी माझ्या खांद्यावर डोकं टाकून बाकावर बसला होता. भात्याला चीर गेल्यावर जसा आवाज येतो, तसा त्याच्या छातीतून येत होता.

"मग हे कोण हाईत?" सारिका वैनीनं खिडकीतल्या मुलीला विचारलं.

"ते मी कसं सांगणार? आत्ताचा एक्सरे आणि साखळीतले जुने एक्सरे एका माणसाचे नाहीत. हाडं जुळत नाहीत. तोतया म्हणून दाखवतंय."

"बावीस वर्सं ह्यास्नी जेवाय वाढतोय मी. यंत्राला इचारण्यापेक्षा मला इचारा की."

त्या मुलीचा तरी काय दोष? तिच्या पडद्यावर हिरवं बटण उमटलं असतं तर तिनं ते दाबलं असतं, आणि धनाजीला घरी न्यायला ऑक्सिजनचं यंत्र मिळालं असतं. बाकावरचा माणूस निळा पडत चाललाय हे तिला दिसत होतं, मला दिसत होतं, फरशी पुसणाऱ्या मावशींनाही दिसत होतं. फक्त साखळीला दिसत नव्हतं. आणि आपल्याकडे आता साखळीला जे दिसत नाही, ते नसतंच.

मी मान खाली घालून बसलो होतो. जुन्या एक्सरेत कुणाची हाडं होती ते मला ठाऊक होतं.

साखळी म्हणजे काय ते साधं सांगतो. आम्हाला समजावायला आलेल्या टायवाल्यानं त्याला दोन तास घेतले होते.

समजा तुमच्या आजारपणाची नोंद एकाच वहीत आहे आणि ती वही एकाच दवाखान्यात. वही जळाली, कुणी पान फाडलं, कुणी खाडाखोड केली, की संपलं. म्हणून साखळीत एका वहीच्या हजारो प्रती असतात. सरकारी दवाखान्यात एक, खासगीत एक, विमा कंपनीत एक, आणि आमच्यासारख्यांची एक कारखान्यात. नवी नोंद सगळ्या प्रतींत एकदम चढते. प्रत्येक नोंदीचा गणितानं काढलेला एक ठसा असतो, आणि पुढच्या नोंदीच्या पोटात मागच्या नोंदीचा ठसा ठेवलेला असतो. मागचं एक अक्षर कुणी बदललं तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि हजार वह्या एकदम चोर चोर म्हणून ओरडतात. त्यामुळे पुसायचं नाव नाही.

कल्पना हुशार आहे. शिव्या द्यायला बसलोय तरी एवढं कबूल करतो. नागपूरचा माणूस कोल्हापुरात बेशुद्ध पडला तरी त्याला कुठलं औषध चालत नाही ते डॉक्टरला क्षणात कळतं. माणसं वाचलीत त्यानं.

पण एक गोष्ट टायवाल्यानं सांगितली नाही. नोंद नंतर बदलली नाही, एवढीच हमी साखळी देते. ती मुळात खरी होती का, ते तिला कधीच कळत नाही. पहिल्याच दिवशी खोटं आत गेलं, तर साखळी जन्मभर त्या खोट्याची राखण करत बसते.

आणि खोटं आम्हीच आत घातलं होतं.

आमचा कारखाना विश्वतेज कास्टिंग्ज, कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, निवलं की साचा फोडायचा, माल बाहेर काढायचा. साचा फोडताना धूळ उडते. डोळ्याला दिसणारी धूळ परवडली. न दिसणारी फुप्फुसात जाऊन बसते, तिथं गाठी धरते. सिलिकोसिस म्हणतात त्याला. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. धूळ ओढून घेणारे पंखे बसवले तर हे टळतं. आमच्याकडे ते पंखे भिंतीवरच्या पोस्टरात होते.

दरवर्षी एक्सरेची गाडी यायची, साखळी यायच्या आधीपासून. ज्याच्या फोटोत डाग, त्याला कंपनी विश्रांतीला पाठवायची. आमच्यातले केरबा नाना असेच विश्रांतीला गेले. विश्रांतीतनं परत आलेला माणूस मी अजून बघितला नाही. मग आमच्या पाळीनं डोकं चालवलं आणि जोती पैलवानाला गाठलं.

जोतिराम मगदूम तयार माल ट्रकात चढवायचा, उघड्या आवारात, वाळूपासून लांब. तरुणपणी मैदानं मारलेली, छाती म्हणजे दरवाजा. गाडीत अंगठा ज्याचा त्यानं द्यायचा आणि एक्सरेच्या पाटीपुढं उभं राहायचं पैलवानानं. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. चौदा वेळा, एकदा स्वतःसाठी, तेरा वेळा आमच्यासाठी. बदल्यात प्रत्येकानं एकेक दिवस त्याला दूध कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दुधाचा पेला पाजायचा. "तुमच्या रोगावर माझी तब्येत चाललीया रं," मिशीला फेस लावून तो म्हणायचा. आम्ही हसायचो. हसायचो!

फोरमन घाटगेला सगळं माहीत होतं. गाडीच्या दाराशी तोच उभा असायचा. कंपनीचे डॉक्टर निंबर्गी म्हणतात, त्यांना माहीत नव्हतं. पैलवानाची डावीकडची पाचवी बरगडी एका कुस्तीत मोडून वाकडी जुळलीय. चौदा फोटोंत ती एकाच जागी वाकडी. चौदांवर डॉक्टरांची सही. ज्याला ते दिसलं नाही तो डॉक्टर आंधळा, आणि आंधळा डॉक्टर कंपनी उगाच ठेवत नाही. फुप्फुसं निर्मळ निघाली की पंखे बसवायला नकोत. साहेबाला ते हवं होतं, आम्हाला काम हवं होतं. दोघांचं खोटं एकच निघालं. मरायचं मात्र आम्हीच होतं.

सहा वर्षांमागं साखळी आली आणि त्या गाडीतले फोटो आमच्या अंगठ्यांसकट तिच्यात गेले. कारखान्याचं फाटकही तिला जोडलं. सकाळी अंगठा ठेवायचा. हा माणूस तंदुरुस्त आहे का ते फाटक साखळीत बघतं. हिरवा दिवा, आत. तंदुरुस्तीची नोंद नसलेला माणूस आत घेतला तर कारखान्याचा विमा त्याच क्षणी आपोआप बंद, असा करारच यंत्रात लिहिलेला. उद्घाटनाला मॅनेजर पोतनीस नारळ फोडून म्हणाले, "हे फाटक आता माझ्या बापालासुद्धा हातानं उघडता येणार नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या दिवशी दवाखान्यात आम्हाला डॉक्टर गवंडी भेटल्या. तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं. धनाजीला त्यांनी आधी वॉर्डात घेतलं, नाकाला नळी लावली आणि मग बोलायला बसल्या.

"सिलिंडर मी माझ्या जबाबदारीवर लावलाय. फार तर आठवडा. घरी यंत्र द्यायचं तर साखळीनं आजार मान्य करायला हवा. खरं काय ते सांगा."

वैनी माझ्याकडं बघत राहिली. मी सांगितलं. दुधाच्या पेल्यासकट सगळं.

"आमचे फोटो पैलवानाच्या फोटोशेजारी ठेवा," मी म्हणालो, "शाळेतल्या पोरालाबी कळंल."

"मला ठेवता येत नाहीत. एकाच्या नोंदी दुसऱ्याशी ताडून बघायच्या तर दोघांची संमती लागते. तुमच्या खासगीपणासाठी."

"आमचा खासगीपणा! कंपनी रोज सकाळी फाटकावर आमची छाती बघतीया."

"भरतीच्या अर्जावर तुम्ही अंगठा दिलाय. सतरावं कलम." त्यांनाही ते बोलताना लाज वाटली असावी. "एक वाट आहे. माणूस स्वतःच्या नोंदीवर हरकत घेऊ शकतो. नोंद पुसली जात नाही, तिच्याखाली हरकत चिकटते. एकट्यानं घेतली तर त्याची एकट्याची नोंद अडकते, पुढं काही होत नाही. पण त्या दिवशीच्या गाडीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी घेतली, तर त्या गाडीच्या सगळ्या फेऱ्या संशयात जातात. जुनं सगळं बाजूला, आणि आज नव्यानं होईल ती तपासणी खरी."

"ह्यांच्या गाडीत चौदा माणसं. म्हंजे आठ," वैनी म्हणाली.

"आठ. पण नोंद अडकली की तंदुरुस्ती अडकली. हरकत घेणाऱ्याला फाटक उघडणार नाही. आणि आठ झाले तर चौदाही जणांना नाही."

"ह्ये आमास्नी कुणी सांगितलं न्हाई, बाई."

"नियमावलीत एकतिसाव्या पानावर आहे, ताई."

एकतिसाव्या पानावर! गळ्याला फास लावताना पहिल्या पानावर अंगठा घेतात, आणि तो सोडवायचा कसा ते एकतिसाव्या पानावर लिहितात.

वैनी तडक पैलवानाकडं गेली. मी मागं मागं. तो ट्रकाच्या सावलीत भाकरी सोडून बसला होता.

"माझी नोंद खरीच हाय वैनी," सगळं ऐकून तो म्हणाला. "हरकत कशावर घिऊ?"

"तुमी हरकत घिऊ नगासा. तुमची छाती उघडी करा. ताडून बघायला संमती द्या. बाकीच्यांच्या जागी मीच हुबा हुतो म्हणून लिहून द्या."

"आत टाकतील मला."

"टाकतील."

"तितं दूध देत्यात काय?" त्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला. वैनी हसली नाही. तशी त्यानं भाकरी बाजूला ठेवली. "हे बगा, मी हुबा ऱ्हायलो नसतो तर दहा वर्सांमागं धन्याला घरला बसवला असता."

"व्हय," वैनी म्हणाली. "आणि जगला असता."

पैलवानानं फडक्याला हात पुसून अंगठा पुढं केला. "कुटं लावायचा ते सांगा."

पैलवानाची संमती पुराव्याला झाली, पण जुनं बाजूला करायला आठ हरकती लागणारच होत्या. धनाजीनं स्वतःची हरकत पहिल्याच दिवशी घेतली. वैनीनं नंतरच्या चार दिवसांत घरोघरी जाऊन सहा जण तयार केले. एकाच्या बायकोनं तिच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्याच्या आईनं लेकाचा हात धरून आणला आणि म्हणाली, ह्याचा बाप असाच गेला. झाले सात. त्या सहा जणांचं फाटक लाल झालं. ते घरी, आणि आम्ही उरलेले कामावर. एक माणूस दोघांचे साचे फोडतोय. घाटगे माझ्यामागं येऊन म्हणाला, "सदा लोहार, तू शाणा हाईस. आठवा कोण हुतोय तेवढं बगायचं हाय आमाला."

वैनी रोज विचारायची, "भावजी, कवा?" मी म्हणायचो, उद्या.

घाटगेला मी भ्यालो होतोच. पण ते अर्धंच कारण. मला माझी छाती बघायची नव्हती. दोन वर्षं झाली, कुठलाही जिना मी एका दमात चढत नाही. मध्ये थांबून मोबाइल बघतोय असं दाखवतो. जोवर माझ्या नावावर पैलवानाचा फोटो होता, तोवर माझी छाती पैलवानाची होती. मी रोज सकाळी फाटकावर अंगठा ठेवायचो आणि हिरवा दिवा मला सांगायचा, तुला काही झालेलं नाही. ते खोटं आहे हे मला माहीत असून मला ते रोज ऐकायचं होतं. म्हणून सहा घरच्या चुली मी चार दिवस टांगणीला लावल्या आणि माझ्या लहानपणच्या दोस्ताला सिलिंडरवर. हे लिहिताना राग येतो. निंबर्गीचा येतो, पोतनीसचा येतो, आणि माझा सगळ्यात जास्त येतो.

सहाव्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो. धनाजी उशीला टेकून बसला होता. एका वाक्याला त्याला तीन श्वास लागायचे.

"सद्या... माझ्या नावावर... कुणाच्या बरगड्या हाईत?"

"पैलवानाच्या."

"मग मी गेलो तर... पैलवान मेला म्हणतील?" तो हसायला गेला आणि खोकल्यानं वाकला. वैनीनं पाठ धरली.

"न्हाई," मी म्हणालो. "धनाजी चौगले, छाती निरोगी, असं म्हणतील."

माझ्याच तोंडनं ते बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं. हा माणूस मरणार, आणि हजार वह्या एका सुरात सांगणार की हा निरोगी होता. त्याच्या बायकोला खोटं ठरवणार. मग माझ्या बायकोला.

मी डॉक्टर गवंडींच्या टेबलापाशी गेलो. अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. परत ठेवला. पुन्हा ठेवा. वीस वर्षं तापलेली वाळू हाताळून अंगठ्यावरच्या रेघा झिजल्यात. फाटकावर आम्ही करतो तसा अंगठा डोक्यावरच्या केसांत चोळला, तेल लागलं, तिसऱ्यांदा ठेवला.

हरकत नोंदली. चौदापैकी आठ.

डॉक्टरांनी धनाजीची फाईल उघडली. त्यांच्या पडद्यावर हिरवं बटण आलं. त्यांनी ते इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं. संध्याकाळच्या आत यंत्र चौगल्यांच्या घरात होतं. यंत्र आलं, फुप्फुस काही आलं नाही. पण धनाजी त्या रात्री आडवा होऊन झोपला. वैनी म्हणाली, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला धनाजी सोडून आम्ही तेराही जण फाटकावर हजर. मी अंगठा ठेवला. लाल. माझ्यामागचा, लाल. ज्यांनी हरकत घेतली नव्हती तेही लाल. त्यांतल्या एकानं माझी गचांडी धरली आणि पैलवानानं नुसता हात ठेवल्यावर सोडली. मग पैलवानाचा अंगठा. लाल.

आत भट्टीवाल्यांनी दोन टन लोखंड वितळवून तयार ठेवलं होतं. ओतणारे हात बाहेर. वितळलेलं लोखंड दोन-तीन तास धरून ठेवता येतं. पुढं ते भट्टीचं अस्तर खायला लागतं, आणि गोठू दिलं तर भट्टीच फोडावी लागते. लोखंडाला हरकत कळत नाही आणि मॅनेजरही कळत नाही.

साडेसातला पोतनीस धावत आले. मागं घाटगे.

"घाटगे, फाटक उघडा. हातानं उघडा!"

"हातानं उघडत न्हाई साहेब."

"मग बाजूनं घ्या यांना, मागच्या दारानं!"

"इमा बंद पडतोय साहेब. आपोआप. भट्टी चालू असताना इमा बंद म्हंजे..." घाटगेनं वाक्य पुरं केलं नाही.

पोतनीस आमच्याकडं वळले. "तुम्ही फसवणूक केलीय! पोलिसांत देईन एकेकाला."

पैलवानानं शर्टाची बटणं काढली. सावकाश, आखाड्यात उतरतो तसा. उघडी छाती घेऊन जाळीला चिकटून उभा राहिला. "द्या की. फसवणूक ही बगा, डाव्या अंगाची पाचवी. तुमच्या डॉक्टरनं हिच्यावर दरसाल चौदा सह्या केल्यात. साखळीत हाईत सगळ्या. कोण पुसतोय बगू."

पोतनीस त्या बरगडीकडं बघत राहिले. मग आवाज उतरला. "हे बघा. पंख्यांचं आपण बोलू. आजच बोलू. तुम्ही आधी हरकत मागं घ्या."

बाकीचे बारा जण माझ्याकडं बघायला लागले, कारण आठवा मी होतो.

"साखळीतलं काय मागं घेता येत न्हाई साहेब," मी म्हणालो. "तुमीच शिकवलंय."

आतून भट्टीचा भोंगा वाजायला लागला. कुणी हललं नाही.

दहा वाजता आम्ही दवाखान्यात रांगेत होतो. पहिला नंबर मी मागून घेतला. एक्सरेवाल्या बाईनं माझा अंगठा घेतला, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "आधी कितींदा काढलाय?"

"नोंदीत सहा हाईत. काढतोय पहिल्यांदा."

तिला कळलं नाही. तिनं मला पाटीपुढं उभं केलं. पाटी गार होती, हे मला माहीत नव्हतं. पैलवानानं कधी सांगितलं नव्हतं.

"श्वास घ्या. धरून ठेवा."

जेवढा मावला तेवढा घेतला. धरला. अर्ध्यात खोकला आला.

"हलू नका! परत काढावा लागेल."

"काढा परत," मी म्हणालो. "मी हितंच हुबा हाय."